पीएचडीनंतर कोल्हापुरातच २५ हजारांवर थांबू की पुण्याची आरए (रिसर्च असोसिएटची जागा) घेऊ?

सागरमाळ_३३ :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज विचारायची वेळ आली.

मी फिजिक्सवाला. थिन फिल्म, गॅस सेन्सर. पीएचडी शिवाजी विद्यापीठाची. व्हायवा (तोंडी परीक्षा) झाली, पीएचडी मिळाल्याचं विद्यापीठाचं नोटिफिकेशन हातात आहे, पदवी दीक्षान्त समारंभात मिळेल. वय ३३. सेट (प्राध्यापकाची राज्याची पात्रता परीक्षा) आहे, नेट (देशपातळीवरची) नाही. नेट थोडक्यात हुकत राहिली, त्यावर बोलायला नको.

समोर तीन वाटा आहेत. गाईडना नवीन प्रोजेक्ट मंजूर झालाय. ते म्हणतात, "कुठं जातोस, लॅब तुझीच आहे, राहा." पद प्रोजेक्ट असोसिएट-१, महिना २५ हजार अधिक घरभाडं. सरांचं म्हणणं, पद काही का लिहिलेलं असेना, काम पोस्टडॉकचंच, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधकाचंच आहे. दुसरं, पुण्यातल्या एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत मुलाखत दिली होती, तिथं आरए-१ म्हणून निवड झालीय. आधी एक वर्ष, मग प्रोजेक्ट संपेपर्यंत वाढवत नेतील. तिसरं कोरिया. आमच्या ग्रुपचे निम्मे सीनियर तिकडंच आहेत. ग्वांगजूच्या एका प्रोफेसरांचा मेल आलाय, "ये" म्हणतात, पण पगाराचा आकडा कुठंच नाही.

घरचं सांगायचं तर बायको इथल्या एका शाळेत शिक्षिका आहे, पोरगी अजून बालवाडीत. वडील कागल तालुक्यात शेती बघतात. पीएचडी झाली म्हणजे पोरगा पुढच्या महिन्यापासनं प्राध्यापक, असं त्यांनी गावात सांगूनही टाकलंय. त्यांना पोस्टडॉक म्हणजे काय हे सांगायला बसलो तर म्हणाले, "म्हणजे अजून शिकायचंच हाय व्हय?"

प्रोजेक्ट असोसिएटचा अनुभव पुढं पोस्टडॉक म्हणून धरतात का? २५ हजार हा आकडा बरोबर आहे की सर कमी सांगतायत? आणि सहायक प्राध्यापकाच्या जागा निघतील तेव्हा यातलं नेमकं काय कामाला येतं? कोल्हापूर सुटू नये असं मनातनं वाटतंय, हेही खरं.

ताराराणी_चौक :

भावा, कोरिया. विषय संपला. सागरमाळावर राहून ग्वांगजूचा मेल आला तरी विचार करत बसणारा तूच पहिला.

गवती_चहा :

चौकातल्यांचं ऐकू नका, निदान आज तरी. मी केमिस्ट्रीची, मूळची राजारामपुरीची, आता एका अनुदानित कॉलेजात शिकवते. मधली काही वर्षं आरए होते, इथं नव्हे, बाहेर. सविस्तर लिहिते, वेळ काढून वाचा.

आधी पैशाचा निकाल लावू. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानं, आपण डीएसटी म्हणतो त्यांनी, १ जानेवारी २०२३ पासून फेलोशिप वाढवल्या. जेआरएफ (पीएचडी करणारे कनिष्ठ फेलो) ३१ हजारांवरनं ३७, एसआरएफ (वरिष्ठ फेलो) ३५ वरनं ४२. आरए-१ ला ४७ चे ५८ हजार झाले, आरए-२ ला ६१ आणि आरए-३ ला ६७. वर घरभाडं. पुणे एक्स गटात येतं, तिथं ३० टक्के. कोल्हापूर वाय गटात, इथं २०. म्हणजे पुण्याचे तुमचे ५८ हजार अधिक १७,४००, एकूण ७५,४००. हीच आरए कोल्हापुरात मिळाली असती तर ६९,६००.

आता सरांचे २५ हजार. सर कमी सांगत नाहीत, नियमानंच तेवढे आहेत. प्रोजेक्ट असोसिएट हे पद वेगळ्या आदेशातलं, २०२० च्या. असोसिएट-१ ची पात्रता एमएस्सी. नेट किंवा गेटसारख्या राष्ट्रीय परीक्षेतून आलेल्याला ३१ हजार, बाकीच्यांना २५. तुमची सेट राज्याची, ती इथं चालत नाही. आणि पीएचडी? तिला त्या रकान्यात जागाच नाही. तुम्ही डॉक्टर असा नाहीतर काल एमएस्सी झालेले, आकडा तोच. २५ वर २० टक्के घरभाडं धरलं की ३० हजार. उद्या त्याच लॅबमध्ये नेट काढलेला पोरगा जेआरएफ म्हणून आला तर त्याला नुसते ३७ मिळतील, घरभाडं वेगळं, आणि त्याला एक्सआरडीच्या (क्ष-किरण चाचणीच्या) आलेखातले उंचवटे वाचायला तुम्ही शिकवत बसाल. हे मी चेष्टेनं लिहीत नाही, हे चित्र पाहिलेलं आहे.

त्याच २०२० च्या आदेशात प्रोजेक्ट सायंटिस्ट-१ असंही पद आहे, विज्ञानातली पीएचडी असलेल्यांसाठी, ५६ हजार अधिक घरभाडं, वय ३५ पर्यंत. म्हणजे डॉक्टरेटवाल्याला कमीच द्यायचं असं सरकारनं ठरवलेलं नाही. अडचण प्रस्तावात असते. गाईड प्रस्ताव लिहितात तेव्हा मनुष्यबळावर जास्त पैसे दाखवले तर प्रोजेक्ट नाकारला जाईल या धास्तीनं असोसिएट टाकतात. एकदा मंजुरीपत्रात ते पद छापलं गेलं की निधी देणाऱ्या संस्थेच्या परवानगीशिवाय बदलता येत नाही. म्हणून सरांवर राग धरू नका, पण "पद काही का असेना" हे मात्र ऐकू नका. पदच सगळं आहे.

का ते सांगते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांत मुलाखतीला कुणाला बोलवायचं याचे गुण ठरवून दिलेत. विद्यापीठाच्या तक्त्यात पीएचडीला ३०, शोधनिबंधांना प्रत्येकी २ धरून जास्तीत जास्त १०, नेटला ५, जेआरएफसह नेटला ७, सेटला ३. आणि अध्यापन किंवा पोस्टडॉक्टरल अनुभवाला वर्षाला २, जास्तीत जास्त १०. वर्ष पुरं नसेल तर त्या प्रमाणात कमी. आता छाननी करणाऱ्यासमोर तुमचा अनुभवाचा दाखला येईल. त्यावर "रिसर्च असोसिएट, पीएचडीनंतर, या तारखेपासून या तारखेपर्यंत" असं असेल तर तो डोळे झाकून गुण देतो. "प्रोजेक्ट असोसिएट-१, किमान पात्रता एमएस्सी" असं असेल तर तो थांबतो आणि शेजारच्याला विचारतो. शेजारच्याचं मत त्या दिवशी काय असेल ते तुमच्या हातात नाही. माझ्या वेळी एका मुलाखतीत अशाच दाखल्यावर बरीच चर्चा झाली. उमेदवार बाहेर बसलेला, चर्चा आत, त्याला बाजू मांडायची सोयच नव्हती.

आरएला तरी सगळं गोड आहे का? नाही. माझे पैसे एकदा महिनोन्महिने अडकले होते. संस्थेचं नाव घेत नाही. ग्रँटचा पुढचा हप्ता आला नव्हता, एवढंच कळायचं. तेव्हा आई म्हणायची, "एवढं शिकून पगाराची वाट बघायची, त्यापेक्षा दूध घातलं असतंस तर दहा दिवसाला बिल तरी आलं असतं." आईचं गणित चुकीचं नव्हतं. पुण्याला जाताना तीन महिन्यांचं भाडं बाजूला ठेवून जा. आणि हो, महागाई भत्ता नाही, बोनस नाही, एलटीसी (प्रवास सवलत) नाही, निवृत्तीचं काही नाही. रजा त्या संस्थेच्या नियमानं. बाळंतपणाची रजा मात्र सगळ्यांना आहे, जेआरएफलाही. कुणी पोरगी वाचत असेल तर लक्षात ठेव, ती कुणाची मेहेरबानी नव्हे.

एक गंमत बघा. सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० आणि आरए-१ चे ५८ हजार. कागदावर तुम्ही प्राध्यापकापेक्षा तीनशे रुपयांनी वरचढ. त्याचे भत्ते मिळवले की तो लाखाच्या घरात जातो आणि तुम्ही तिथंच.

राहिलं कोल्हापूर न सोडण्याचं. त्याला एक वाट आहे, ती कुणी सुचवत नाही म्हणून लिहिते. नॅशनल पोस्ट डॉक्टरल फेलोशिप, एनपीडीएफ. पूर्वी एसईआरबी ही केंद्राची संस्था द्यायची, आता ती एएनआरएफ या नव्या संस्थेत विलीन झाली. मुदत दोन वर्षं, वय ३५ पर्यंत, महिला, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना ५ वर्षं सूट. बरीच वर्षं दरमहा ५५ हजार आणि शिवाय संशोधनाला वर्षाला २ लाख असं होतं, आताची रक्कम नव्या जाहिरातीत बघून घ्या. खरी गोष्ट अशी की ही फेलोशिप तुमच्या नावावर येते, गाईडच्या प्रोजेक्टवर लटकत नाही. मेंटॉर कायम नोकरीतला हवा. पीएचडीच्या जागी परत बसण्यापेक्षा नवी जागा निवडलेली चांगली. पण नवी जागा म्हणजे नवं गावच असं कुठं लिहिलंय? कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठ आहे, तिथं मटेरियल्सवर चांगलं काम चालतं. तुमचा विषय बसतो. विचारून बघा. पुण्यात आरए असतानाच अर्ज करा. वय ३३ म्हणजे दार उघडं आहे, पण फार वेळ नाही.

निवृत्त_लेखा :

गवती चहा यांनी बहुतेक सगळं सांगितलं आहे. मी विद्यापीठीय लेखा विभागात नोकरी केली, प्रोजेक्टच्या फायली माझ्या टेबलावरून जात. दोन-तीन गोष्टी टेबलाच्या पलीकडून सांगतो.

पैसे का अडकतात ते लोकांना कळत नाही आणि मग सगळे लेखा विभागाला शिव्या घालतात. पुढच्या वर्षाची ग्रँट सुटण्यासाठी आधीच्या खर्चाचं विनियोग प्रमाणपत्र, ज्याला सगळे यूसी म्हणतात, आणि खर्चाचं विवरण जावं लागतं. ते पीआयच्या (प्रोजेक्टच्या प्रमुखाच्या) सहीनं निघतं, मग लेखा, मग लेखापरीक्षण. पीआय परिषदेला गेलेला असला, एखादं बिल जुळत नसलं, की फाईल बसते. फाईल बसली की आरएचा पगार बसतो. तेव्हा रुजू होण्याआधी पीआयला थेट विचारावं, "सर, प्रोजेक्टचं कितवं वर्ष आहे आणि यूसी गेलंय का?" या प्रश्नानं कुणी रागावत नाही. रागावलाच तर ते उत्तरच समजावं.

नेमणुकीच्या आदेशात पदाचं नाव, प्रोजेक्टचा मंजुरी क्रमांक, निधी देणारी संस्था, आरंभ आणि अखेरची तारीख, घरभाडं "मिळेल" की "नियमानुसार असल्यास", हे सगळं असायला हवं. जाहिरात, निवड समितीचं इतिवृत्त झालं असल्याचा उल्लेख असेल तर फारच चांगलं. संस्थेच्या वसतिगृहात खोली घेतली तर घरभाडं बंद होतं, हे पुण्यात खोली शोधताना ध्यानात असू द्या.

दुसरं असं की, "आरएची वर्षं पुढे पदोन्नतीला धरतील" असं कुणी सांगितलं तर एकदम विश्वास ठेवू नये. यूजीसी २०१८ मध्ये पूर्वीची तात्पुरती किंवा कंत्राटी सेवा धरायला अटी आहेत. पात्रता कमी नको, निवड रीतसर समितीनं झालेली हवी आणि एकूण मिळकत नियमित नेमलेल्या अध्यापकाच्या एकूण पगारापेक्षा कमी नको. ही शेवटची अट आरएवाल्यांना आडवी येते. वर तीनशे रुपयांचा हिशेब वाचलात ना, तो मूळ वेतनाचा. इथं बघतात ते एकूण. म्हणजे निवडीच्या वेळचे गुण एक आणि पदोन्नतीला धरायची सेवा दुसरी. लोक या दोन गोष्टींची सरमिसळ करतात.

तसंच पीएचडी करण्यात गेलेली वर्षं अनुभव म्हणून चालत नाहीत. नोकरीत राहून, रजा न घेता केली असेल तर ती सेवा धरतात, एवढाच अपवाद.

ग्वांगजूत_पुरणपोळी :

कोरियाबद्दल मी लिहितो, कारण वर सगळे एकतर "जा" म्हणतात नाहीतर गप्प बसतात.

मीही आपल्याच भागातला, आजऱ्याकडचा. इथं शनिवारी भेटलो की निम्मं बोलणं तांबड्या-पांढऱ्याचं असतं. आपल्या ग्रुपची माणसं इथं इतकी का, तर साधं आहे. कमी खर्चात रासायनिक पद्धतीनं फिल्म बनवायची सवय आपल्याला आहे आणि इथल्या प्रोफेसरना पेपर लवकर हवे असतात. एकजण आला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं.

आकड्याशिवाय "ये" म्हणणाऱ्या मेलला हो म्हणू नका. कोरियन प्रोफेसर लेखी विचारलं की लेखी सांगतात, त्यांना त्यात वावगं वाटत नाही. वर्षाला किती वॉन, कर आणि विम्याआधी की नंतर, करार किती महिन्यांचा, घर देणार का, हे विचारा. करार बहुधा वर्षाचा, मग नूतनीकरण. ते बऱ्याच अंशी प्रोफेसरच्या मर्जीवर. कामगार म्हणून करार असेल आणि वर्ष पुरं झालं तर सोडताना साधारण एका महिन्याचा पगार वेगळा मिळतो, तो कायद्यानं. बारा महिन्यांच्या एक-दोन दिवस आधी करार संपवत नाहीत ना, तेवढं बघा.

व्हिसा ई-३, संशोधकांचा. बायकोला एफ-३, म्हणजे कुटुंबीयांचा व्हिसा मिळेल, त्यावर तिला नोकरी करता येत नाही. वहिनी शिक्षिका आहेत म्हणून हे ठळक लिहितोय. इथं येऊन ही गोष्ट कळलेली जोडपी पाहिलीत, घरात महिनाभर बोलणं नसतं.

जपानचंही बघा. जेएसपीएस या तिथल्या संस्थेची पोस्टडॉक फेलोशिप आहे, पीएचडी होऊन सहा वर्षांच्या आत, महिना ३,६२,००० येन. तिथंही जपानी यजमान आधी शोधावा लागतो, पण आकडा पहिल्या दिवसापासून छापील. ज्यांना "पगार कसा विचारू" असं संकोचानं होतं त्यांच्यासाठी हे उत्तम.

ताराराणी_चौक :

एफ-३ चं माहीत नव्हतं. माझं मत निम्मं मागं घेतो.

मराठी_विभाग :

सगळी चर्चा लॅबवाल्यांची. आमचं काय? माझी पीएचडी मराठीत, तासिका तत्त्वावर शिकवते, वय ३९. आमच्याकडं प्रोजेक्ट नाहीत, आरए नाही. "पोस्टडॉक" म्हटलं की विभागातसुद्धा लोक विचारतात, हे काय आणि?

गवती_चहा :

ताई, तुमच्यासाठी आयसीएसएसआर आहे, म्हणजे सामाजिक शास्त्रांची परिषद. वयाची मर्यादा विज्ञानापेक्षा सैल, ४५ पर्यंत. पण विषय सामाजिक शास्त्रात बसवावा लागतो. निव्वळ साहित्याचा प्रस्ताव मागं पडेल, लोकसाहित्य आणि स्थलांतर, ऊसतोड कामगारांच्या ओव्या, असं काही असेल तर जमेल. सारथी, बार्टी, महाज्योती यांच्या फेलोशिपची नावं लोक सांगतील, त्या पीएचडी करणाऱ्यांसाठी आहेत, झालेल्यांसाठी नाहीत. तिथं वेळ घालवू नका.

आणि तासिका तत्त्वाचे तुमचे दाखले दरवर्षी मार्चमध्येच घेऊन ठेवा. प्राचार्य बदलले की जुन्या वर्षांचा दाखला काढणं म्हणजे जुन्या सातबाऱ्यावरचं नाव दुरुस्त करण्याइतकंच सोपं!

सागरमाळ_३३ :

सगळ्यांचे आभार, विशेष करून ताईंचे आणि लेखावाल्या काकांचे. प्रिंट काढून बायकोला वाचायला दिलं. तिनं दोनच ओळींखाली पेन्सिल मारली, एफ-३ ची आणि ३० हजारांची.

सरांशी बोललो. मंजुरीपत्र दाखवलं त्यांनी, पद असोसिएट-१ च आहे, बदलायला वरची परवानगी लागेल म्हणाले. रागावले नाहीत. उलट पुण्याच्या पीआयना ओळखतात, फोन करतो म्हणाले. सेन्सरचे उरलेले दोन पेपर शनिवार-रविवार येऊन पुरे करून द्यायचे असं ठरलं. ग्वांगजूला आकडा विचारणारा मेल टाकलाय, उत्तराची घाई नाही.

वडिलांना मात्र अजून "पुण्याला नोकरी लागली" एवढंच सांगितलंय. खोटं नाही ते.

एक शेवटचा प्रश्न. पुण्याला रुजू होताना पदवी प्रमाणपत्र मागितलंय. दीक्षान्त समारंभाला वेळ आहे. नोटिफिकेशनवर चालेल का?

निवृत्त_लेखा :

बहुतेक ठिकाणी नोटिफिकेशन आणि प्रोव्हिजनल सर्टिफिकेट दोन्ही दिलं की चालतं, पण त्यांच्याकडून मेलवर होकार घ्या, फोनवर नको. प्रोव्हिजनलचा अर्ज उद्याच परीक्षा विभागात टाका. त्याच फेरीत आणखी एक कागद मागा: तुमची पीएचडी यूजीसीच्या पीएचडी नियमांनुसार झाली आहे असं विद्यापीठाचं प्रमाणपत्र. पुण्याला ते लागणार नाही, सहायक प्राध्यापकाच्या प्रत्येक अर्जाला लागेल. गाईड, विभागप्रमुख, सगळे जाग्यावर असताना त्या सह्या होऊन जातात.

ग्वांगजूत_पुरणपोळी :

आणि पुढं कधी बाहेर जायचं मनात असेल तर मूळ पदवी आल्याबरोबर अपॉस्टिल (परदेशात चालणारं सरकारी साक्षांकन) करून ठेवा. आधी राज्याकडनं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय. व्हिसाच्या वेळी धावाधाव करत एजंटला पैसे देण्यापेक्षा पुण्यात असतानाच उरकून टाका. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट आणि पदवीवर एकच आहे का ते आजच बघा. आपल्याकडं मधलं नाव वडिलांचं, कुठं पूर्ण, कुठं नुसतं अक्षर, तिथंच सगळी अडतात.